हॉट प्रेसमधली फळी

योगिनी बाबरचं भांडण सुरू झालं ते एका थर्मोस्टॅटवरून.

सापाच्या पेटीत डावीकडचा भाग थंड असावा लागतो. तिथं चोवीस अंश, फार तर पंचवीस. २०२० च्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी तिथला आकडा होता छत्तीस पॉइंट एक. योगिनीनं उजवीकडची हीट मॅट बंद केली, खोलीतला रेडिएटर बंद केला, खिडकी सताड उघडली, खाली जाऊन चहा प्यायली आणि परत येऊन पाहिलं. खोलीत बारा अंश झाले होते. पेटीत छत्तीस पॉइंट एक.

आयर्लंडमधल्या डंडॉकजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात ती दहा वर्षं कॅलिब्रेशनचं काम करत होती. शीतगृहं, ओव्हन, लशींची कपाटं. कुठलं यंत्र किती खोटं बोलतं ते शोधून त्याच्यावर लाल पट्टी चिकटवायची, हे तिचं रोजचं काम. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी आणलेलं यंत्र तिच्याच घरात बसून खोटं बोलतंय, याचा तिला मनापासून राग आला. तिनं कंपनीला खरमरीत मेल लिहिला. त्यांनी मुकाट्यानं नवं यंत्र पाठवलं. नव्यानंही तोच आकडा दाखवला. तिनं आधीच्यापेक्षा लांब मेल लिहिला.

"पेटीतच काहीतरी गडबड असेल," तिचा नवरा उल्हास लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला. "जुनं लाकूड ते. कुठंतरी माप चुकलं असेल."

"माझं माप चुकत नाही," योगिनी म्हणाली.

आणि ते खरं होतं. पेटी तिनं स्वतः बनवली होती.

साप मूळचा निहारिकाचा. निहारिका इथल्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला आलेली नागपूरची मुलगी. मार्चमध्ये सगळं बंद व्हायला लागलं तेव्हा शेवटच्या विमानांपैकी एक पकडून घरी गेली, आणि जाताना प्लास्टिकच्या डब्यातला कॉर्न स्नेक योगिनीच्या हातात ठेवून गेली. "दोन महिन्यांचा प्रश्न आहे, ताई." केशरी रंग, अंगावर चकत्या, वेटोळं घालून बसायची सवय, म्हणून नाव जिलबी. बिनविषारी, शांत, आठवड्याला एक उंदीर. दोन महिन्यांचे पाच झाले. डबा जिलबीला पुरेना.

लाकूड मिळालं शेजारच्या मॅलकीकडून. मॅलकी निवृत्त सुतार, सत्तरीचा, एकटा. गावाबाहेर नन्सनी चालवलेलं एक जुनं मोठं घर होतं. आधी कुणा जमीनदाराचं, मग कित्येक वर्षं नन्सचं, आणि आता फ्लॅट करायला एका बिल्डरनं ते आतून उसकटायला घेतलं होतं. टाकून दिलेल्या लाकडातून मॅलकीनं फळ्या उचलून आणल्या होत्या. ओकच्या, एक इंच जाडीच्या.

"हॉट प्रेसच्या आहेत," त्यानं कुंपणापलीकडून दोन मीटरांचं अंतर राखत सांगितलं. "लाकूड ग्रँड आहे. माझ्याकडे नुसतं पडून राहील. तू घेऊन जा."

आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात. गरम पाण्याची टाकी ज्या कपाटात असते आणि जिच्या वरच्या फळ्यांवर चादरी-टॉवेल उबेला ठेवतात, तो हॉट प्रेस. योगिनीच्या घरातही जिन्यापाशी एक होता.

तिनं सबंध ऑगस्ट त्या फळ्यांवर घालवला. गंजके खिळे उपटले, भोकं बुजवली, तीन प्रकारच्या पॉलिश पेपरनं घासून जुना पांढरा रंग काढला. खालचं लाकूड मधाच्या रंगाचं निघालं. घासताना ओकचा आंबूस वास यायचा, आणि त्याच्या मागे अगदी पुसट, आंबलेल्या दुधासारखा. पाण्यात मिसळणाऱ्या व्हार्निशचे तीन हात दिले, सापाला बाधू नये म्हणून पेटी दोन आठवडे उघडी ठेवली. एकशेवीस सेंटीमीटर लांब, साठ रुंद. तळाला तीन फळ्या, पुढे सरकती काच, मागे हवेची भोकं. सांध्यात पोस्टकार्ड शिरणार नाही इतकी नेटकी.

जिलबी त्यात सोडली त्या दिवसापासून ती उजवीकडच्या गरम दगडावर गेलीच नाही. डावीकडे, तळाच्या मधल्या फळीवर ती पडून असायची. वेटोळं घालून नव्हे. अर्धगोलात, अंग सैल सोडून, मध्ये हातभर जागा मोकळी ठेवून.

दुसऱ्या थर्मोस्टॅटनंतर योगिनीनं कारखान्यातून रीतसर सही करून सोळा सेन्सरचा लॉगर घरी आणला. साहेबांना सांगितलं, घरी एक उपकरण तपासायचंय. सोळाही सेन्सर तिनं आदल्या दिवशी स्वतः तपासले होते. ते तळाच्या फळ्यांवर चिकटवून तिनं आठवडाभर दर मिनिटाचं तापमान घेतलं.

दोन फळ्या खोलीबरोबर गार-गरम होत होत्या. मधल्या फळीचा उजवा अर्धा भागही. डाव्या अर्ध्या भागात मात्र एक पट्टा होता, जिथं दिवसरात्र छत्तीसच्या आसपास. कुठलीही गरम वस्तू कडेकडेला हळूहळू निवत जाते. हा पट्टा निवत नव्हता. एका सेन्सरला छत्तीस, त्याच्या शेजारी बोटभर अंतरावर सतरा. तिनं सेन्सर हलवून हलवून त्याची कड शोधली आणि आलेखाच्या कागदावर पेन्सिलनं आखली.

तो कागद तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला होता. तिथं तो सासूबाईंनी पाहिला.

स्नेहलताबाई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी तासगावहून आल्या होत्या आणि विमानं बंद झाल्यामुळे इथंच अडकल्या होत्या. सरकारी आरोग्यकेंद्रात बत्तीस वर्षं नर्स. तालुक्यात सगळे त्यांना बाबर सिस्टर म्हणत. सापाच्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात उंदीर आहेत हे कळल्यावर त्यांनी आठ दिवस बर्फही घेतला नव्हता. अंगात येणं, बाहेरची बाधा असलं काही ऐकलं की त्या उठून जात.

त्यांनी चष्मा लावला. "हे काय गं?"

"पेटीतली फळी, आई. एवढाच भाग गरम लागतोय. यंत्रात दोष आहे."

"लांबी किती हाय ही?"

"बेचाळीस सेंटीमीटर."

त्यांनी त्या आकृतीवरून बोट फिरवलं. एका टोकाला गोल, मग रुंद, मग निमुळती. मग म्हणाल्या, "चल, दाखव मला."

जिलबीला उचलून योगिनीनं डब्यात ठेवलं. आईंनी हात धुतले, पुसले, तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि मगच फळीवर हात ठेवला. आधी मध्ये. मग गोल टोकाकडे. तिथं त्यांनी हात उलटा केला, बोटांची मागची बाजू टेकवली.

"जिवंत अंगाचं ऊन हाय हे," त्या म्हणाल्या. "आन् कमी हाय. पोट गरम लागतंय, पाय गार."

"आई, लाकूड आहे ते."

"मी कुठं न्हाई म्हन्ते? लाकूडच हाय." त्यांनी हात काढून घेतला. "कुठनं आनलंस?"

योगिनी त्याच दुपारी कुंपणाशी गेली. मॅलकी गुलाबाची झाडं छाटत होता. त्या घरात काय चालायचं, असं तिनं विचारलं. कात्री थांबली.

"मुली यायच्या," तो म्हणाला. "लग्न न झालेल्या. बाळंतपणाला." मग त्यानं दोन फांद्या कापल्या. "माझी आई एक हिवाळा तिथं स्वयंपाकाला होती. पुढे आमच्या घरात तिनं कधी हॉट प्रेस होऊ दिला नाही. बाबांनी बांधलेला तो तिनं तोडायला लावला. आमचे कपडे स्वयंपाकघरात दोरीवर वाळायचे."

"का?"

"ते तिनं सांगितलं नाही." त्यानं फांद्या उचलल्या आणि आत गेला.

योगिनीनं घरी येऊन हे सांगितल्यावर आईंना बाकीचं विचारावं लागलं नाही. कमी दिवसांचं मूल जन्मलं आणि काचेची पेटी नसली की माणसं त्याला उबेला कुठं ठेवतात, ते त्यांनी वाड्या-वस्त्यांवर पाहिलं होतं. चुलीपाशी. भाकरीच्या टोपलीत. "पन कुशीत घेऊन बसतंच की कुनीतरी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, आणि तो भीतीनं नव्हे हे योगिनीला कळलं. "कपड्यांच्या फळीवर ठेवून दार लावून घेतलं व्हय? चादरींसारखं?"

योगिनीचाही थर्मोस्टॅटवरचा राग त्या दिवशी उतरला आणि दुसरीकडे चढला. तिनं त्या नन्सच्या संस्थेचा पत्ता शोधून मेल लिहिला. अगदी कोरडा. तुमच्या पूर्वीच्या इमारतीतल्या हॉट प्रेसच्या फळ्या माझ्याकडे आहेत. त्या कधी बसवल्या, कशासाठी वापरल्या, याची नोंद असल्यास कळवावी. एवढंच.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. नम्र, दोन ओळींचं. तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. बालकांसंबंधीची कागदपत्रं फक्त रक्ताच्या नातेवाइकांनाच दाखवता येतात.

योगिनीनं ते उल्हासला वाचून दाखवलं. मग पुन्हा वाचलं.

"मी बाळाचा शब्दही लिहिला नव्हता," ती म्हणाली. "मी लाकडाचं विचारलं होतं."

"योगिनी, सोड ना. आपण बाहेरचे इथं."

"दहा वर्षं झाली मला इथं. बाहेरची कसली? आमच्या धंद्यात नोंद नसली की काम झालंच नाही असं धरतात. आणि यांच्याकडे नोंद आहे. आहे, आणि मला विचारतात तुझं नातं काय."

आई भाजी निवडत होत्या. "लिही त्यांना," त्या म्हणाल्या, "की आमचंच लागतंय. आमच्या घरात हाय ते."

योगिनीनं तसंच लिहून पाठवलं. त्यावर उत्तर आलं नाही.

तिनं वही घातली. तारीख, वेळ, खोलीचं तापमान, फळीचं तापमान, सही. कारखान्यात करतात तशी. कुणी नोंद ठेवली नसेल तर मी ठेवीन, एवढ्या इरेला ती पेटली होती. पण वहीत एक गोष्ट दिसू लागली जी रोज बघताना लक्षात आली नसती. ऑक्टोबरात छत्तीस पॉइंट एक. नोव्हेंबरच्या शेवटी पस्तीस पॉइंट तीन. नाताळला चौतीस पॉइंट चार.

हीट मॅट त्या फळीखाली सरकवली. बाकीचं लाकूड तापलं, पट्टा नाही. वर दिवा लावला. लोकरीचं कापड घातलं. आकडा उतरतच राहिला. जिलबीनं खाणं सोडलं. तिचा अर्धगोल आणखी आवळला गेला होता.

आई रोज सकाळी चहाच्या आधी विचारायच्या, "आज किती?" वॉर्डात फेरी मारताना विचारावं तसं. योगिनी सांगायची, आणि सांगताना स्वतःवर चिडायची.

जानेवारीत सरकारचा मोठा अहवाल आला. देशभरातल्या अशा घरांवरचा. टीव्हीवर आकडे सांगत होते, किती मुली, किती मुलं, किती दगावली. आईंना इंग्रजी सगळं कळत नव्हतं, आकडे कळत होते. त्यांनी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

"आज किती?"

"बत्तीस पॉइंट सहा."

"बत्तिसाच्या खाली गेलं की परत येत न्हाई. मी बघितलंय." त्या उठल्या. "फळी सोडव."

"आई..."

"स्क्रू काढ म्हन्ते."

सकाळचे साडेदहा वाजले होते. बाहेर बारीक पाऊस, रस्त्यावर कुत्रं फिरवणारी एक बाई. उल्हास शेजारच्या खोलीत मीटिंगमध्ये होता; त्याचं बोलणं भिंतीतून ऐकू येत होतं. योगिनीनं जिलबीला डब्यात ठेवलं, पेटी कलती केली, खालून आठ स्क्रू काढले आणि फळी ओढून घेतली. तिचा उजवा अर्धा भाग तिनं आईंच्या सांगण्यावरून करवतीनं कापून टाकला. माप न घेता. आयुष्यात पहिल्यांदा.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या. ब्लाउजची बटणं सोडली. फळी उभी छातीशी घेतली, गोल टोक हनुवटीखाली, वरून पदर, त्यावर शाल. एक तळवा मागून पाठीला द्यावा तसा लाकडाला दिला.

"आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलंय हे," त्या म्हणाल्या. "कातडीला कातडी. पैलं औषध हेच."

योगिनीनं शालीच्या आत सेन्सर सरकवला. आईंच्या अंगाला लागणार नाही असा, फळीच्या बाहेरच्या अंगाला.

बत्तीस पॉइंट चार.

अर्धा तास तेवढाच.

दुपारी एक वाजता बत्तीस पॉइंट नऊ.

आई जेवल्या नाहीत. पाणी योगिनीनं पाजलं. संडासला गेल्या तेव्हा फळी योगिनीच्या छातीशी दिली, तितकी चार मिनिटं. तिनं घेतली. कॅलिब्रेशनची दहा वर्षं विसरून घेतली. लाकूड जड होतं, कडक होतं, आणि त्याचं वजन एका जागी नव्हतं.

ते सरकलं. वर, मानेकडे.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौतीस पॉइंट आठ.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी छत्तीस पॉइंट पाच.

तीन एकवीसला सोळा पॉइंट दोन.

योगिनी लॉगरकडे बघत राहिली. आलेखात असा कडा सेन्सर तुटल्यावर येतो. तिनं सेन्सर तपासला, शाबूत होता. शालीत हात घालून फळीला हात लावला. गार. कुठल्याही लाकडासारखी गार.

"आई," ती म्हणाली, "गेलं."

आई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं फळी अलगद बाजूला काढून तिला दिली. उजवा हात होता तिथंच राहिला, छातीवर, शालीखाली.

"घे तुझी फळी," त्या म्हणाल्या. "लाव परत. आता काय न्हाई त्यात."

योगिनीला वाटलं, बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला अशा वेळी कसं बोलायचं ते ठाऊक असतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. रडण्यापेक्षा संताप जास्त होता. कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, कारण ज्यांच्यावर काढायचा ते दोन ओळींचं पत्र लिहून मोकळे झाले होते.

फळीचे दोन्ही तुकडे पेटीत परत बसले. जिलबी त्या संध्याकाळी पहिल्यांदा गरम दगडावर जाऊन वेटोळं घालून बसली. दोन दिवसांनी तिनं उंदीर खाल्ला. सगळे आकडे जिथं हवेत तिथं आले. फक्त आई खोलीत आल्या की ती दगडावरून उतरून काचेशी यायची, पुढचं अंग उभं करून काचेला टेकवायची आणि त्या जातील तिकडे सरकत राहायची. आईंना आता तिची भीती वाटत नव्हती. "बघू दे की तिला," त्या म्हणायच्या.

फेब्रुवारीच्या शेवटी विमानाची सोय झाली. डब्लिन विमानतळ रिकामा होता. आईंनी सामानाची गाडी ढकलायला नकार दिला. "माझा हात मोकळा न्हाई," त्या म्हणाल्या. उल्हासला वाटलं, शाल सावरतायत.

मुंबईत युरोपातून येणाऱ्यांना सात दिवस हॉटेलात ठेवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी योगिनीनं व्हिडिओ कॉल लावला. आई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. थकलेल्या दिसत होत्या, पण तब्येत बरी होती. जेवण चांगलं आहे, भात जरा कच्चा असतो. रविकांत, त्यांचा पुतण्या, पुढच्या सोमवारी गाडी घेऊन येणार होता.

"विमानतळावर त्रास नाही ना झाला?"

"त्रास कसला. थांबवून ठेवलं मातर अर्धा तास. तिथं ते कॅमेऱ्याचं मशीन हाय बघ, समोरनं चालत जायचं, प्रत्येकाच्या तोंडावर चौकोन येतो आन् ताप किती ते दिसतं. माझ्यावर दोन चौकोन यायला लागले. एक तोंडावर, एक खाली, हितं. तो साहेब म्हनला मशीन बिघडलंय. मागच्या-पुढच्यांना चालवून बघितलं. त्यांच्यावर एकेकच. मग मला परत चालवलं. दोन."

पलीकडे एसीचा आवाज येत होता.

"मग?"

"मग काय. दोन्हीत ताप न्हाई, सोडलं मला."

आईंनी फोन डाव्या हातात धरला होता. त्यांचं उजवं अंग, खांद्यापासून कोपरापर्यंत, अगदी हळू, मागे-पुढे हलत होतं.

"आई," योगिनीनं विचारलं, "दुसरा आकडा किती होता?"

"छत्तीस पॉइंट आठ," आई म्हणाल्या. त्यांनी खाली पाहिलं. "आन् जरा हळू बोल."